पाहुण्यांसमोरचा चहा

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले डॉक्टर, त्यांना इतकी वर्षं घरी सांभाळणाऱ्या वहिनी आणि सभागृहातील सहकाऱ्यांनो,

चहा पुढ्यात आला आहे, हे मला दिसतंय. माझं बोलणं होईपर्यंत कोणी कपाला हात लावू नये. मागच्या रांगेनेसुद्धा. आभारी आहे.

डॉक्टरांनी आयुष्यभर अन्ननलिकेच्या कर्करोगावर संशोधन केलं. तंबाखू आणि दारूचा दोष सगळ्यांना ठाऊक होता. कढत चहाचा वाटा किती, हे त्यांना मोजायचं होतं. म्हणून ते घरोघर जाऊन लोकांच्या कपात तापमापक बुडवत. पहिल्या वर्षाचे आकडे माझ्याकडे, म्हणजे संख्याशास्त्र विभागात आले. रुग्ण असोत की धडधाकट माणसं, सगळे म्हणे कोमट चहा पिणारे!

मी विचारलं, "चहा आल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? आधी घरच्यांची विचारपूस."

"आणि घरचे?"

"थांबतात बिचारे. पाहुण्याने कप उचलल्याशिवाय कोण पितं?"

"मग डॉक्टर, तुम्ही चहा नाही मोजलात. स्वतःच्या गप्पा मोजल्यात."

दुसरा कोणी रुसला असता. यांनी सगळे आकडे रद्द केले आणि नव्याने सुरुवात केली. या वेळी पाहुणा म्हणून बैठकीत नाही, थेट स्वयंपाकघरात, चहा गाळला जाताना. सरावासाठी निवडलं माझंच घर. मला विचारलं होतं का? छे!

आमचे हे ओट्याशी उभे राहून वाफाळत्या चहात पाव बुडवून खात होते आणि प्रत्येक घासावर पाणी पीत होते. डॉक्टर तापमापक हातात धरून ह्यांच्या गळ्याकडेच बघत राहिले.

"भाऊजी, पाव चहात भिजवलात, तरी वर पाणी कशाला?"

"सवय."

"कधीपासून?"

"अहो, चहा मोजायला आलात की मला?"

"आता तुम्हाला. उद्या उपाशीपोटी या, दुर्बिणीतून बघू."

सकाळी ह्यांना अचानक बँकेतलं काम आठवलं. मी म्हटलं, "चपला घाला."

तुकडा काढून तपासला आणि कर्करोगाचं निदान पक्कं झालं. गाठ अन्ननलिकेच्या भिंतीतच होती, पुढे पसरली नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, हे वाचतील ना? जन्मभर आकड्यांत वावरलेली बाई मी. त्या दिवशी मला आकडा नको होता.

ते म्हणाले, "ताई, वेळेत सापडलंय, आशा चांगली आहे. खात्री मात्र देणार नाही."

खोटा धीर दिला असता, तर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं असतं.

औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली. हे आता थोडं थोडं पण दिवसभर खातात आणि माझ्या स्वयंपाकाला दिवसभर नावं ठेवतात. तिसऱ्या रांगेत बसलेत. इकडेतिकडे बघू नका, तुमच्याबद्दलच बोलतेय. गेल्या आठवड्यातली तपासणीही स्वच्छ निघाली.

टाळ्या पुरे. आता खुलासा करते. चार वाक्यांत आटोपणारी मी आज एवढी का लांबले? निरोपाची भेट काय हवी, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "चहा निवेपर्यंत कोणीतरी बोला." मी बोलले.

आयोजकांचे मनापासून आभार. माझं काही कडू लागलं असेल, तर चहाबरोबर गिळून टाका. तिसऱ्या रांगेतून कपाला बोट लावून मान डोलावली गेली आहे, म्हणजे चहा निवला.

डॉक्टर, आज पाहुणे तुम्ही. उचला कप. त्याशिवाय इथे कोण पिणार?