पंखात काय अस्तंय!

…आन वर मलाच म्हन्ती, "आजी, तुमी नुसतं बसा!" बसा? माझ्याच चुलीपुढं मी नुसती बसू? तुमाला सांगते, ही माझी नातसून प्रियदर्शनी, गुनाची हाय, पन डोकं सगळं मोबाईलात. काय करनार म्हनली? तर चिकन विंग्ज! म्हंजे कोंबडीचे पंख! आवं, पंखात काय अस्तंय? दोन काड्या, वर चामडी, मधी वारा!

आन कुनासाठी? तर बापासाठी! विठ्ठलराव, दिंद्रुडचं बडं प्रस्थ. पोरीच्या लेकराच्या बारशाला ह्यांच्याआधी दुसऱ्याला फेटा बांधला, झालं, ताडकन उठले, "ह्या घरचं पानी पिनार न्हाई!" तवापासून पोरीचं माहेर बंद. तिनं रडून रडून फोन केले तवा कुठं म्हनले, येतो, पन जेवायचं तिथं आल्यावर बघू. आता असल्या रुसक्या व्याह्याच्या ताटात तंगडी पडावी, कलेजी पडावी, ही रीत! आन ही वाढनार पंख! मी म्हनलं, "कावून बापाला परत रुसवतीस?" तर म्हन्ती, "आजी, मॅरिनेट करून फ्रिजमधी ठिवते." फ्रिजमधी? देवाच्या दुधाशेजारी? आमच्यात कोंबडी उंबरा वलांडत न्हाई! अंगनात तीन दगडांची चूल, पातेलं वेगळं, पळी वेगळी. मग दह्यातल्या पंखांचं पातेलं गोठ्यातल्या ओल्या वाळूत ठिवलं, बसा म्हनलं गारव्याला.

तिचा नवरा अंगद, त्यानं हवेवर तळायची पेटी आनली. हवेवर! वायर वढून अंगनात दगडावर मांडली. पेटी घूं घूं करायली, मोबाईलातली बाई चिरक्या आवाजात सांगायली, "आता यात घालूया एक चमचा मध…" मध? कोंबडीला खोकला झालाय का?

आन इकडं विठ्ठलरावांची गाडी दारात, तिकडं लाईट गेली!

पेटी मुकी. पोरगी रडकुंडीला. व्याही वसरीवर, मिशीवर हात, पुढ्यात तांब्या, पन तांब्याकडं बघंल तर शप्पथ! मी म्हनलं, सरक. निखारे वढले, जाळी टाकली, पंख मांडले, लसून ठेचला, काळं तिखट, मूठभर येसर मसाला, करडईचं तेल, आन कांद्याच्या पातीनं सगळं वरून फासलं सपासप! असा वास सुटला की शेजारची वनमाला भिंतीवरून डोकावली, "काय भाजायलाव वो?" म्हनलं, पंख. "अगं बाई, पंखात काय अस्तंय!" बघा! बाईमानूस असून माझ्याशी खोटं बोलली!

आवं, गडीमानसं जेवून उठली की पातेल्यात उरायचं काय? पंख. आमी बाया चुलीपाशी बसून चोखायचो, सांध्यासांध्यातला रस वढायचो, आन वसरीवरून कुनी इचारलं की तोंड वाकडं करून म्हनायचो, पंखात काय अस्तंय! मुद्दाम! गड्यांना कळलं अस्तं तर एक तरी ठिवला अस्ता का?

विठ्ठलरावांनी पहिला पंख हुंगला. "हे काय बे?" अंगदला इचारलं. मग चावला. मग दुसरा. मग बोलनंच बंद! हाडं एवढी कुरतडायले की रुसायला तोंड रिकामं न्हाई. आन काळ्या तिखटानं घाम फुटला तसा तांब्या उचलला, घटाघटा रिकामा! पोरीनं डोळ्याला पदर लावला. "दिवाळीला ये पोरी," म्हनले, "माझ्या लेकीच्या हाताला काय चव हाय!" लेकीच्या! धुरानं डोळं माझं लाल, आन चव लेकीची! जाऊ द्या… माहेर उघडलं.

पन तवापासून दर आईतवारी सगळे गडी पंखावर तुटून पडायलेत, आन माझ्या ताटात तंगडी. मला दात न्हाईत हो! काल मी म्हनलं, एखादा पंख द्या की रे इकडं… तर अंगद तोंडातलं हाड न काढताच म्हन्तो कसा, "आजी, तुमीच म्हन्ता की… पंखात काय अस्तंय!"