रोवेनाच्या गाण्यातली शीळ

या सभागृहाचे अध्यक्ष आणि पोलाद कामगार संघटनेचे माजी चिटणीस माननीय वॉल्टर ह्नाटिउक, व्यासपीठावर बसलेल्या ‘टॅपहोल’ बँडच्या गायिका रोवेना टॅकाबेरी, ड्रमवादक क्लाइव सीली, आजचे सत्कारमूर्ती, बँडचे ध्वनितंत्रज्ञ आणि माझे जुने संशयित श्री. अबिलिओ मेदेइरोस, आणि काळे कपडे घालून एवढ्या शिस्तीत बसलेल्या हॅमिल्टनकर बंधुभगिनींनो,

वॉल्टरनी मला मोजकं बोलायला सांगितलंय. मोजकं म्हणजे किती, ते सांगायचं मात्र राहून गेलं. त्याचा फायदा घेते.

बोलायला उभी राहिल्यावर या माइकची वायर कुठे जाते ते मी वाकून पाहिलं, तेव्हा मागच्या रांगेतले काही जण हसले. हसा. पण कारणही ऐका. माझ्यासमोर कुणी आवाज मोठा करणारं यंत्र ठेवलं, की ते कोणाच्या ताब्यात आहे हे मी आधी पाहते. आणि ते अबिलिओच्या ताब्यात असेल, तर दोनदा पाहते.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी स्तेफानिया देमकिव, ओस्ताप देमकिवची थोरली बहीण. नायगाऱ्याच्या पुलावर सीमाशुल्क खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. उभा जन्म लोकांच्या गाड्यांच्या डिक्क्या उघडण्यात गेला. “काही नाही हो मॅडम, रिकामीच आहे,” असं गोड हसून सांगणाऱ्याच्या डिक्कीत काय असतं, माहितीये? चीज. पलीकडे अमेरिकेत स्वस्त मिळतं म्हणून नेहमी चीजच असतं. असा जन्म काढलेल्या माणसाला विश्वास ठेवायला जरा जड जातं, हे आपण समजून घ्याल.

ओस्तापला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ‘टॅपहोल’चा गायक म्हणून मंचावर तो तोंडातून आग काढायचा, लोखंडी पिंपावर घण घालायचा. आमची आई चर्चमध्ये बायकांना सांगायची, “माझा मुलगा संगीतात आहे,” आणि घाईघाईने विषय बदलायची. आणि असा माणूस गेला कसा? फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दारासमोरचं बर्फ उपसताना. शेजाऱ्याला हात केला आणि फावड्यावरच वाकला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांचीही उलटतपासणी घेतली. त्यांनी ती सहन केली, त्याबद्दल आज त्यांचेही आभार मानते.

दफनानंतरचं जेवण याच सभागृहात झालं. हातात पिरोगीची ताटली घेऊन क्लाइव माझ्याजवळ आला.

“स्तेफा, आम्ही बँड बंद करत नाही.”

“का?”

“दुसरं काय येतं आम्हाला?”

उत्तर खरं होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. माझ्या भावाची गाणी, माझ्या भावाचं नाव, आणि ओरडणार कोणी तिसराच? मी ठरवलं, यांच्यावर नजर ठेवायची.

वर्षभरात यांनी रोवेनाला आणलं. ती बिनब्रूकमध्ये शाळेची बस चालवायची. एवढा आवाज कुठून काढतेस, असं विचारलं तर म्हणाली, “रोज सकाळी साठ पोरांना ‘खाली बसा’ म्हणून बघा.” हजरजबाबी होती. हजरजबाबी माणसाची डिक्की मी आधी उघडते.

त्यानंतर मी यांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही. सेंट कॅथरिन्स, आपलं ओंटारिओतलं लंडन, सीमेपलीकडे बफेलो. कानात बोळे घालून, पर्स छातीशी धरून, मागे अबिलिओच्या मिक्सरजवळ उभी. पोरांना वाटायचं, कोणाची तरी आजी वाट चुकलीये. एकाने तर मला खुर्ची आणून दिली. मला संगीतातलं काही कळत नाही, पण रोवेना चांगली गात होती एवढं कळत होतं. जरा जास्तच चांगली. माणूस दमतो, त्याला खोकला येतो, घसा बसतो. हिचा आवाज शेवटच्या गाण्यापर्यंत भिंतीसारखा उभा. बफेलोला तर एका गाण्यात तिने मध्येच पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि गर्जना तसूभरही कमी झाली नाही!

आणि मग मला शीळ ऐकू आली.

लहानपणी गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळताना ओस्तापचा पुढचा दात अर्धा तुटला होता. त्याने तो कधी बसवून घेतला नाही. त्यामुळे त्याचा ‘स’ शीळ घालत यायचा. तो मला हाक मारायचा ‘स्तेफा’, तेव्हा घरात किटली उकळल्यासारखं वाटायचं. रोवेनाचे दात बघा. रोवेना, जरा हस. बघितलेत? जाहिरातीत शोभतील. मग तिच्या गाण्यात ‘स’ला शीळ कोण घालत होतं?

मी अबिलिओला विचारलं. तो गाडीत सामान चढवत होता.

“अबिलिओ, त्या पेट्यांमध्ये काय आहे?”

“वायरी.”

“सगळ्यांत?”

“सगळ्यांत. वायरीच लागतात गं, स्तेफा.”

मी पापणी लवायची वाट पाहिली. लवली नाही. असोरेस बेटांवरच्या कोळ्याचा मुलगा तो. समुद्राकडे बघत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत काही सापडत नाही. मग मी क्लाइववर संशय घेतला. मग गिटारवाल्यावर. मग स्वतःच्या कानांवरही घेतला, ते तपासून आणले. कान ठणठणीत.

शेवटी मी सरळ रोवेनाकडे गेले. आपल्या शहरातल्या मोठ्या कार्यक्रमाची ती दुपार. हॉल रिकामा होता, साउंड चेक सुरू होणार होता.

“तू गातेस तेव्हा तुझ्याबरोबर कोण गातं?”

तिचा चेहरा तांबडा झाला. “स्तेफा, पहिल्या दिवसापासून बघतेय. तुम्हाला मी नकोच आहे, तर तसं तोंडावर सांगा ना.”

“ते मग सांगेन. आधी एक कर. आता माइकसमोर उभी राहा, तोंड हलव, पण आवाज काढू नकोस.”

मला खोटं पाडायलाच ती मंचावर गेली, एवढं खात्रीने सांगते. क्लाइवने काठ्या आपटल्या. यंत्रातून कारखान्याच्या घणांचे ठोके सुरू झाले. हे ठोके यांच्या प्रत्येक गाण्यात असतात, ते आधीच भरून ठेवलेले असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. रोवेनाने तोंड उघडलं. घशातून हूं की चूं नाही.

आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये माझा भाऊ गरजला.

क्लाइवचे हात हवेतच थांबले. ढोल थांबले, गिटार थांबली, पण ओस्ताप थांबेना. दोन ओळी तो एकटाच गायला, शिळेसकट. मग अबिलिओने काहीतरी ओढलं आणि सगळं बंद पडलं. बंधुभगिनींनो, माझा संशय खरा ठरला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी एका पेटीवर बसले.

रोवेना म्हणाली, “कधीपासून?”

अबिलिओ म्हणाला, “पहिल्या कार्यक्रमापासून. घणांच्या ठोक्यांत मिसळून, फक्त लोकांकडच्या स्पीकरमधून; मंचावरच्या गोंगाटात तुम्हाला तो ऐकू यायचा नाही.”

“म्हणजे लोक टाळ्या कोणाला वाजवत होते?”

ती कोट न घालता बाहेर निघून गेली. क्लाइव अबिलिओवर धावून गेला. “माझ्या पाठीमागून? माझ्या ढोलाच्या आड तू मेलेला माणूस लपवलास?”

“लोक उठून गेले असते,” अबिलिओ म्हणाला. “आणि ओस्तापच्या आवाजाची जागा माझ्या मिक्सरवर रिकामी दिसायची. रोज. मला ते बघवेना.”

यातलं पहिलं कारण खरं की दुसरं? तेव्हाही मला ठरवता आलं नाही. तुम्ही त्याला ओळखता, तुम्हीच ठरवा.

मी बाहेर गेले. रोवेना गाड्यांमध्ये कुडकुडत उभी होती. मी तिला माझा कोट दिला. ती म्हणाली, “तुम्ही जिंकलात.”

मी म्हटलं, “मला चोर पकडायचा होता. तू चोर नाहीस. तुझ्या सामानात दुसऱ्याने माल ठेवला होता.”

तिने कोटाची बटणं लावली. मग आत आली आणि अबिलिओला म्हणाली, “आज तो बंद. माझा आवाज फाटला तर फाटू दे.”

त्या संध्याकाळी आवाज फाटला. आपल्यातले बरेच जण तिथे होते. तिसऱ्या गाण्याला कोणीतरी ओरडलं, “ओस्ताप!” रोवेना थांबली. म्हणाली, “तो गेला. मी आहे. पटत नसेल तर कोट दाराजवळ टांगलेत.” काही लोकांनी खरंच कोट घेतले, आणि ते पुन्हा कधी आले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर एका गृहस्थांनी मला दारात थांबवून सांगितलं, “आज बाईंचा नेहमीचा आवाज लागला नाही.” नाव सांगत नाही, ते आज पहिल्या रांगेत बसलेत.

पण जे राहिले ते पुढे सरकले. मी पहिल्यांदाच कानातले बोळे काढले. तिचा आवाज खरखरीत होता, ठिकठिकाणी तुटत होता, आणि तो तिचा होता. पुढच्या वर्षी तिने स्वतःची गाणी लिहिली. बँड लहान हॉलमध्ये गेला, पण चालू राहिला. आणि अबिलिओला यांनी काढलं नाही. क्लाइव त्याच्याशी पुढचा उन्हाळा येईपर्यंत बोलला नाही, पण काढलंही नाही. का, असं मी विचारलं, तर क्लाइव म्हणाला, “त्यालाही दुसरं काय येतं?”

ओस्तापचं ते ध्वनिमुद्रण अबिलिओने माझ्यासमोर पुसलं. बटण दाबलं. मी विचारलं, “सगळं?” तो म्हणाला, “सगळं.” फार पटकन म्हणाला.

आता अबिलिओ निवृत्त होऊन असोरेसमधल्या साओ मिगेल बेटावर बहिणीकडे राहायला निघालाय. मागच्या आठवड्यात मी त्याला सामान बांधायला मदत केली. खोके मी उचलत होते, तो पट्ट्या लावत होता. एका खोक्याला मी हात घातला, तर म्हणाला, “तो राहू दे, तो मी घेतो.” छोटा होता, हलका होता. मी विचारलं, “काय आहे?” म्हणाला, “वायरी.” आणि या वेळी, बंधुभगिनींनो, त्याची पापणी लवली.

मी तो खोका उघडला नाही. नोकरीत असताना अशा खोक्यावर मी कधी पाणी सोडलं नव्हतं. घरी आले आणि रात्री झोप लागेना. त्यात वायरीच निघाल्या असत्या तर?

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, रोवेनाने दात दाखवले, क्लाइवने माझं बोलणं हाणून पाडलं नाही, आणि स्वयंपाकघरातल्या भगिनींनी कोबीचे रोल अजून गरम ठेवलेत. सगळ्यांची ऋणी आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं घ्यायला नको होतं आणि घेतलं असेल, तर ते पोटात घाला. अबिलिओ, मी मुद्दाम तुझ्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी आहे, तेव्हा ऐकू आलं नाही असं म्हणू नकोस. माझा तुझ्यावर अजून विश्वास नाही. तू सगळं पुसलंस हे मला पटत नाही. आयुष्यात इतके संशय घेतले, पण हा खरा निघू दे, अशी प्रार्थना करत मी आज तुला निरोप देते.