धक्क्यावर उभी ठेवलेली सालोमी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय मनोरमाताई, आमच्या चर्चचे धर्मगुरू आणि आजचे प्रमुख पाहुणे फादर ग्लेन, माझ्या वेड्या हट्टापायी ‘पलीकडचा धक्का’ ही कादंबरी छापणारे प्रकाशक शत्रुघ्नराव, आणि दुपारची झोप सोडून आलेल्या माझ्या पाचूबंदरच्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

शाल खांद्यावर आहे, नारळ हातात आहे, आणि मन मात्र थाऱ्यावर नाही. मनोरमाताईंनी आत्ता कादंबरीचं शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घातली. ती विनयानं घातली असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं ते.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही, आणि अशांचीच संख्या मोठी असणार, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. वसईच्या किल्ल्यावरचं पोर्तुगिजांचं निशाण उतरलं त्या साली आपल्या पाचूबंदरचा पास्कोल त्यांच्या गलबतावर खलाशी म्हणून चढतो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिकच्या बेटावर पोचतो. वाटेत चाचे आहेत, तुरुंग फोडणं आहे, तापानं फणफणत केलेली जंगलातली पायपीट आहे. (मी स्वतः नालासोपाऱ्याच्या पलीकडे फारसा गेलेलो नाही, हे फादरांना ठाऊक आहे, त्यांनी ते बाकीच्या पाहुण्यांना सांगू नये.) त्या बेटावर त्याला सालोमी भेटते, होड्या बांधणाऱ्याची मुलगी. ‘आईला सांगून येतो,’ म्हणून तो निघतो, आणि आईला भेटून सालोमीकडे परतताना त्याचं गलबत बुडतं. कादंबरी संपते ती अशी: ‘भरती आली, ओहोटी गेली, सालोमी अजून धक्क्यावर उभी आहे.’

हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी घरात एकटाच हसलो होतो. काय सांगू तुम्हाला! लहानपणी शाळेत कविता म्हणायला मी पहिला उभा राहायचो. त्या कवितांमधून किती बायका वाट पाहत असायच्या! कुणी नदीकाठी, कुणी दारात, कुणी दिव्यापाशी. गुरुजी चालीवर म्हणायचे आणि माझे डोळे भरून यायचे. वाट पाहणारी बाई सुंदर दिसते, हे मी तिथं शिकलो. तिचे पाय दुखतात, हे मला कोणत्या इयत्तेत शिकवलं गेलं?

असो. ही कादंबरी छापून येण्याआधी दर रविवारी जेवणानंतर मी ती आमच्या पाखाडीतल्या शेजाऱ्यांना वाचून दाखवत असे. बायका सुके बोंबील निवडत बसायच्या, मी ओसरीवर खुर्ची टाकायचो. सगळ्यांत पुढे मटिल्डामावशी. त्या आजही पुढेच बसल्या आहेत. चाच्यांच्या प्रकरणात त्यांनी मला थांबवून विचारलं होतं, “मास्तर, ह्या लढाईत पोरगा जेवला कधी?” मी त्या रात्री पास्कोलला एक भाकरी लिहून दिली.

शेवटचं प्रकरण वाचलं तेव्हा पुस्तक छापखान्यात गेलं होतं, आणि पुढच्या रविवारी काय व्हावं? चर्चमधल्या प्रार्थनेत, मिस्सेत, फादर ग्लेननी जाहीर केलं, “आजची मिस्सा समुद्रात बुडालेल्या पास्कोलच्या आत्म्यासाठी.” आपले पास्कोलकाका तिसऱ्या बाकावर ठणठणीत बसलेले! त्यांची सून सुझान दचकून त्यांच्याकडे पाहते, काका स्वतःच्या छातीला हात लावून पाहतात. हसा, हसा, मीही हसलो होतो. ती मिस्सा मटिल्डामावशींनी फादरांना सांगून करवली होती, माझ्या कादंबरीतल्या पास्कोलसाठी.

मी मोठ्या ऐटीत त्यांच्या घरी गेलो. लेखकाला याहून मोठं पारितोषिक कोणतं? म्हटलं, “मावशी, धन्य केलंत मला.”

त्यांनी मला बस म्हटलं नाही. म्हणाल्या, “त्याच्या आत्म्याचं मी बघितलं. पोरीचं कोन बघनार?”

“कुठली पोरगी?”

“तुजी सालोमी. तिला कोनी सांगितलं का, तो बुडाला म्हनून?”

मी समजावू लागलो, की मावशी, न सांगण्यातच खरं काव्य असतं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “माजा डॉमनिक बुडाला त्याचा राग नाय मला. दर्याला कोन काय बोलनार? पन मी पोटुशी, म्हनून सगळ्यांनी लपवलं. मी रोज बंदरावर जाऊन उभी, आनि बायका खाली बघून मासळी निवडायच्या. सगळ्यांना ठाव होतं, मास्तर. मला सोडून.”

ही हकीकत मला माहीत नव्हती का? होती. आख्ख्या पाखाडीला आहे. पण लिहिताना ती मला एकदाही आठवली नाही. मला फक्त वाक्य दिसत होतं.

मी पुटपुटलो, “आता पुस्तक छापून झालं, मावशी.”

“पुस्तक छापलं. तोंड मोकळं हाय ना तुजं?”

त्या दिवसापासून त्या माझ्या ओसरीवर आल्या नाहीत. आज इथे आल्या. कशासाठी आल्या, ते त्यांना ठाऊक आणि मला.

आमच्याकडे दर्याची वाईट बातमी सांगायची एक रीत आहे. उभ्याउभ्या सांगायची नाही. माणसाला आधी बसवायचं, मग सांगायचं, आणि घरी पोचवून चूल पेटेपर्यंत हलायचं नाही. मटिल्डामावशींच्या वाट्याला ही रीत आली नाही. माझ्या सालोमीच्याही आली नाही. म्हणून ताई, आपली परवानगी गृहीत धरतो, आणि ही शाल जरा बाजूला ठेवतो.

सालोमी, बाई, मी पास्कोलच्या गावचा माणूस. खूप उशिरा आलो. तू आधी खाली बस...

काय म्हणालात, मावशी? जरा मोठ्यानं...

मावशी म्हणताहेत, “पानी दे तिला आधी.”

हो. घे, बाई, पाणी घे. बस अशी. पास्कोल येणार नाही. त्याचं गलबत बुडालं. तो तुझ्याकडेच यायला निघाला होता. त्याच्यासाठी मिस्सा झाली आहे, आमच्या गावात. आता ऊठ. किती वेळ उभी होतीस. चल, मी घरापर्यंत येतो.

मंडळी, टाळ्या नकोत. मावशींनी डोळ्यांना पदर लावला आहे, तेवढं मला पुरे. आपण सगळ्यांनी माझं कौतुक केलंत, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर म्हातारा समजून पोटात घाला. चहा बाहेर मांडला आहे. पण पहिला कप मटिल्डामावशींना, त्यांच्या जागेवर आणून द्या. त्यांना उभं राहायला लावू नका.