फोटोला वळसा

मिरजगावहून नगरला येणाऱ्या एसटीत, माझ्या पुढच्या सीटवर मंगल कार्यालयाचे मालक सहादेवतात्या आणि एसीच्या डक्टचं काम करणारे फैयाजभाई बसले होते. तात्यांच्या हातात अंदाजपत्रक होतं.

"फैयाजभाई, पत्रा लई धरलाय तुमी."

"डक्टला मधे दोन वळणं आहेत, तात्या. सरळ गेला तर पत्रा कमी लागेल."

"वळणं ऱ्हाऊ द्या. पंखा थोरला घ्या, ढकलंल हवा."

"प्रत्येक वळणावर हवेचा जोर मोडतो. थोरला पंखा नुसता घोंगावत बसेल, मंगलाष्टकं ऐकू यायची नाहीत."

"मग वळणं कशापायी?"

"स्टेजमागं छताला भिडलेला फोटो आहे ना, त्याला वळसा घालायला. तो काढा."

"त्यो हालनार न्हाई."

"वडिलांचा आहे का?"

"माझा हाय. फेटा बांधून काढलाय."

"माशाल्ला! पण मे महिन्यात तुमच्या दिशाचं लग्न त्याच स्टेजवर आहे ना?"

"व्हय."

"पोरगी शालू नेसून घामानं निथळेल, तात्या."

तात्यांनी अंदाजपत्रकाची घडी घातली.

"काय करू मग, तात्या?"

"काढा फोटो. भायेर दाराशी लावा."

"दाराशी?"

"पावन्यांना या-बसा त्यो करंल. मी आत गारव्याला बसतो."