फीत बांधलेली रुग्णवाहिका

नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. शाळेतली मुले आणि त्यांचे पालक मला बसमावशी म्हणतात. वय पंचेचाळीस, धंदा शाळेची बस चालवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, थोरल्या बहिणीच्या घराचा वरचा मजला.

आज मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते ते असे. सेवा समितीच्या अध्यक्षांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. रविवारी मॅरेथॉनच्या कार्यक्रमात मी समितीची रुग्णवाहिका परवानगीशिवाय पळवली, स्वागताची कमान पाडली, पदकांची नासधूस केली आणि अध्यक्षांना चारचौघांत अपशब्द वापरले, असे तिच्यात म्हटले आहे. हे चारही आरोप मला मान्य आहेत. अपशब्दांच्या जागी तक्रारीत "वगैरे" असे लिहिले आहे. मी ते सगळे सांगायला तयार होते, पण हवालदारसाहेबांनी राहू द्या म्हटले.

समितीकडे एकच रुग्णवाहिका आहे. ती माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, चालवतात. त्यांचे वय अठ्ठावन्न. मला गाडी त्यांनीच शिकवली. पहिल्या आठवड्यात बस मागे घेताना मी शाळेची कुंडी फोडली, तेव्हा "मेहुणीबाई, शाळा जरा पलीकडे सरकवायला सांगू का?" असे सगळ्या शिक्षकांसमोर विचारणारे हेच. भाऊजींचे दोन नियम होते. होते असे मी म्हणाले, ते खोडून आहेत असे लिहावे. पहिला नियम, रुग्णवाहिका कुठेही उभी केली तरी तिचे तोंड रस्त्याकडे पाहिजे. दुसरा, फोन कायम जवळ. समितीने रुग्णवाहिकेसाठी वेगळा फोन कधी घेतलाच नाही. गाडीवर रंगवलेला नंबर भाऊजींच्या मोबाईलचा आहे. ते आंघोळीला जातात तेव्हा फोन घेऊन माझी बहीण न्हाणीघराच्या दाराशी उभी राहते. यावरून आम्ही तिला आजवर खूप चिडवले आहे.

मॅरेथॉनचा हेतू चांगला होता. जमलेल्या पैशातून रुग्णवाहिका, म्हाताऱ्या माणसांचे दिवसभराचे केंद्र आणि मुलांची अभ्यासिका चालणार होती. मी स्वतः बसमधल्या पालकांच्या मागे लागून वर्गणी गोळा केली. माझे या कार्यक्रमाशी आधीपासूनच वाकडे होते असे अध्यक्ष सांगत फिरत आहेत, ते साफ खोटे आहे.

भाऊजींनी धावावे ही कल्पना अध्यक्षांची. रुग्णवाहिकेसाठी रुग्णवाहिकेचा चालकच गणवेश घालून धावला तर लोकांचा हात सैल होईल, असे त्यांचे म्हणणे. ते हे बोलायला घरी आले तेव्हा मी चहा देत होते.

भाऊजी म्हणाले, "मी धावलो तर गाडीवर कोण?"

अध्यक्ष म्हणाले, "एका सकाळी कोणाला काय होतंय, हो? आणि झालंच तर तुम्ही तिथेच आहात की."

भाऊजींच्या छातीत आठवडाभर जळजळत होते. त्यांनी ते पित्तावर ढकलले. बहिणीने नाही म्हणून पाहिले, मी भांडून पाहिले. पण त्या गाडीचा विषय निघाला की या माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे.

रविवारी सकाळी मी मैदानावर गेले तेव्हा रुग्णवाहिका शर्यत जिथे संपते त्या स्वागताच्या कमानीच्या आत, सभागृहाच्या भिंतीला नाक लावून उभी होती. मागच्या दारावर देणगीदारांची नावे नव्याने रंगवली होती आणि ती फोटोत यायला हवी होती, म्हणून पाठ रस्त्याकडे. गाडीला चारही बाजूंनी लाल फीत गुंडाळली होती. शर्यत संपल्यावर पाहुणे ती फीत कापणार आणि किल्ली भाऊजींच्या हातात देणार, असे ठरले होते. तोवर किल्ली अध्यक्षांच्या कोटाच्या खिशात. टेबल कमी पडले म्हणून गाडीतले स्ट्रेचर बाहेर काढून त्यावर चादर अंथरली होती आणि चादरीवर पदके मांडली होती.

मी अध्यक्षांना गाडी फिरवून ठेवा असे सांगितले. ते हसून म्हणाले, "मावशी, आज तरी शुभ बोला." मी तिथेच गप्प बसायला नको होते. पण सगळे नटूनथटून आले होते, मी माझ्या कामाला गेले.

माझे काम शेवटच्या वळणावर, औषधांच्या दुकानासमोर, धावणाऱ्यांना पाणी देण्याचे होते. भाऊजी आले तेव्हा त्यांचा गणवेश पाठीला चिकटला होता. त्यांनी पेला घेतला आणि म्हणाले, "मेहुणीबाई, पाणी गार नाही." मी उत्तर द्यायच्या आत ते पेल्यासकट फुटपाथच्या कडेला बसले. मग आडवे झाले. त्यांच्या मागून धावणाऱ्या एक बाई थांबल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत हे मला नंतर कळले. त्यांनी भाऊजींच्या शर्टाची बटणे काढली, नाडी पाहिली आणि हृदयाचे आहे, ताबडतोब गाडी बोलवा, असे सांगितले.

धावणाऱ्या प्रत्येकाच्या बनियनवर पाठीमागे छापले होते की, अडचण आल्यास या नंबरवर फोन करा. औषधांच्या दुकानदाराने एकाच्या पाठीवरचा नंबर वाचून फोन लावला. फोन भाऊजींच्या खिशात वाजला.

दुकानदाराला वाटले, चुकून लागला. त्याने परत लावला. पुन्हा तिथेच वाजला. भाऊजींचे डोळे मिटलेले होते, तरी त्यांचा हात खिशाकडे गेला. मी फोन काढून घेतला आणि पळत सुटले. दुकानदाराने मोठ्या इस्पितळालाही फोन केला होता. त्यांची गाडी बंद रस्त्यांना वळसा घालून येणार, वेळ लागेल, असे उत्तर मिळाले. रस्ते मॅरेथॉनसाठी बंद होते आणि बंदोबस्त याच ठाण्याचा होता, हेही लिहून घ्यावे.

मी कमानीखालून आत धावत गेले तेव्हा माइकवाल्या निवेदकाने माझ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. लोकांनी वाजवल्या. कोणीतरी माझ्या गळ्यात पदक घातले. मी अध्यक्षांकडे गेले, भाऊजी पडलेत, किल्ली द्या म्हटले. त्यांनी आधी घड्याळ पाहिले.

ते म्हणाले, "पाहुणे फाटकापाशी आलेत. फीत कापली की लगेच न्या. मी कुठे नाही म्हणतोय?"

यानंतर मी त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि किल्ली घेतली. खिसा फाटला. तो तक्रारीत राहून गेला आहे, तोही धरावा. अपशब्द मी याच वेळी वापरले. निवेदकाने घाबरून माइक माझ्या शेजारी ठेवला होता आणि तो चालू होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानाने ऐकले. मी स्ट्रेचरवरची चादर ओढली, पदके मातीत पडली, लोकांच्या पायांखाली गेली. निवेदकाने आणि मी स्ट्रेचर गाडीत चढवले. त्या माणसाला यात गोवू नये, मी ओरडले म्हणून त्याने हात लावला.

भिंतीमुळे गाडी फिरवायला जागा नव्हती. मी ती तशीच मागे घेतली. फीत तुटली. कमान हवा भरलेली होती, तिची नळी चाकाखाली आली आणि सगळी कमान व्यासपीठावर बसली. पाहुण्यांना लागले नाही असे समजते. बस चालवून मला मागे घ्यायची सवय आहे. एकही माणूस चाकाखाली येऊ दिला नाही.

भाऊजींना घेऊन निघालो तेव्हा त्यांची नाडी लागत नव्हती. दातांच्या डॉक्टरीणबाई वाटभर त्यांची छाती दाबत होत्या. मी आरशात पाहत नव्हते. मोठ्या इस्पितळाच्या दारात डॉक्टर गाडीत चढले, त्यांनी विजेचे झटके दिले आणि नाडी लागली.

भाऊजी जिवंत आहेत, अतिदक्षता विभागात आहेत. मोठ्या डॉक्टरांनी काल मला बाजूला घेऊन सांगितले की, हृदयाचा बराच भाग गेला. थोडे आधी आणले असते तर वाचला असता. आता त्यांना गाडी चालवता येणार नाही. हे मी बहिणीला सांगितलेले नाही. भाऊजींना कसे सांगायचे मला माहीत नाही. हे मी इथे पहिल्यांदाच बोलते आहे. अध्यक्ष अजून दवाखान्यात फिरकलेले नाहीत, ठाण्यात मात्र दोनदा येऊन गेले. मी त्यांची माफी मागितली तर तक्रार मागे घेऊ असा निरोप त्यांनी पाठवला होता. मी माफी मागणार नाही. उद्या परत तशी वेळ आली तर परत तेच करीन आणि माइक स्वतः चालू करीन.

माझ्या गळ्यातले पदक मी या जबाबासोबत जमा करत आहे. मी शर्यत धावलेली नाही.

रुग्णवाहिका दवाखान्याच्या दारातून जप्त करून ठाण्याच्या आवारात आणली आहे. मी येताना पाहिली. पुढे जप्त केलेल्या दुचाकींची रांग आहे, तिच्यामागे गाडी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. आरशाला फितीचा तुकडा तसाच आहे. भाऊजींचा फोन माझ्याजवळ आहे. गाडीवरचा नंबर तोच आहे आणि तो बदलला आहे असे कोणी लोकांना सांगितलेले नाही. हा जबाब चालू असताना तो दोनदा वाजला. पहिला फोन जिन्यावरून घसरून पडलेल्या एका आजोबांच्या सुनेचा होता. गाडी येणार नाही, असे मी तिला सांगितले. तिने का म्हणून विचारले. दुसरा फोन घ्यायच्या आधीच तुटला. हवालदारसाहेबांनी फोन बंद करायला सांगितले. मी केलेला नाही.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. "होते" खोडून "आहेत" केले आहे, तिथेही सही करते. फोन परत वाजतो आहे. रुग्णवाहिकेची किल्ली साहेबांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, ती द्यावी आणि आवारातल्या दुचाकी हलवायला दोन माणसे द्यावीत. बाकीच्या सह्या मी परत आल्यावर करीन.