ब्राह्मीच्या तेलाचा हात

नदीकाठच्या राजाघाटाजवळ राहणाऱ्या वैद्यांच्या ओसरीवर मी वाट पाहत बसलो होतो. शेजारी दोघी बोलत होत्या.

“अंबिकाकाकू, पन्नाशी उलटली तरी हात किती कोवळे तुमचे! कलेक्टरच्या मडमेचेही असे नसतील.”

“ब्राह्मीचा रस तेलात कढवून सासूबाईंच्या पाठीला रोज चोळते ना, शरदिनी. किती वर्षं अंथरुणावर आहेत, पण पाठीला एक जखम होऊ दिली नाही.”

“धन्य आहात! मग बोटभर स्वतःच्या चेहऱ्यालाही लावा की. पार सुकलाय.”

“चेहरा त्यांना कुठे दिसतो आता? डोळे गेलेत. पाठीवरून हात फिरवला की म्हणतात, ‘सूनबाई, तू अजून नवी नवरीच गं!’ मी कशाला खरं सांगू?”