सुधारून सांगितलेलं वाक्य

नाही हो दादा, शिवी नाही दिली तुम्हाला — शब्द आहे तो, जर्मन शब्द, फेअरश्लिमबेसरुंग — जन्मभर शिकवली मी ती भाषा, आणि शिवीच द्यायची असती तर मराठीत दिली असती. श्लिम म्हणजे वाईट, बेसर म्हणजे आणखी चांगलं, दोन्ही एकात कोंबलेत — बरं करायला जायचं आणि होतं तेही घालवायचं! आता हे दारच बघा. काल नुसतं घासत होतं. तुम्ही रंधा मारलात, मग फट पडली म्हणून पट्टी ठोकलीत, आता कडीच बसत नाही. हेच ते. पण मुद्दाम बिघडवलं तर हा शब्द नाही वापरायचा, बरं का — हेतू चांगलाच असावा लागतो. एवढं तरी तिनं लक्षात घ्यायचं की नाही?

ती म्हणजे कोण काय — माझी लेक! परवा फोन केला, हा एकच शब्द म्हणाली आणि ठेवून दिला. कशी आहेस नाही, काही नाही. उच्चार मात्र अगदी स्वच्छ — मी शिकवायला बसले की पळून जायची, सासरी जर्मनीला जाऊन शिकली, आता सासूशी थेट बोलते. आधी शिकली असती तर ही वेळच आली नसती! जावई तिच्याशी इंग्रजीत बोलायचा, पण विहीणबाईंना जर्मनशिवाय काही येईना, म्हणून लग्नाआधी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मधे मी — इकडचं तिकडं, तिकडचं इकडं, घशाला नुसती कोरड. माणूस थोडंफार सावरून घेतोच ना? त्या म्हणाल्या, कॉफी पाणचट आहे. मी म्हटलं, त्यांना अशी हलकीच आवडते. काय बिघडलं कुणाचं? सगळे हसले. लेक तर — तिचे वडील गेल्यावर पहिल्यांदाच तिला इतकं हसताना बघत होते हो मी!

मग जावई गाडी लावायला खाली गेला, तशी विहीणबाईंनी लेकीचा हात धरला आणि एक वाक्य बोलल्या. मी सांगितलं, ‘मुलगा जरा लाजरा आहे, सांभाळून घे.’ आता यात वाईट काय होतं, सांगा!

खरं काय म्हणाल्या? तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकशा — त्या म्हणाल्या, ‘पोरी, त्याला हे लग्न करायचं नाहीये. नाही म्हणायची हिंमत नाही त्याच्यात. तूच नाही म्हण.’

असे काय बघताय? उचला तो रंधा. नाही, दार राहू द्या तसंच. जा तुम्ही.